बापूंची वही आणि माझी उडी

माझ्याकडे सांगण्यासारख्या गोष्टी पुष्कळ आहेत आणि मला सांगायला आवडतं. लग्नात, बारशाला, सोसायटीच्या वार्षिक सभेत — कुठेही उभं करा, मी नकला करीन, आवाज काढीन, लोकांना हसवून सोडीन. बायको म्हणते, तुमच्या पोटात काही म्हणून राहत नाही. चुकतंय तिचं. एक गोष्ट राहिली आहे. बावीस वर्षं राहिली आहे आणि ती तिलाही ठाऊक नाही. तुम्हालाच का सांगतोय? — कोण जाणे. तुमचा चेहरा मला दिसत नाही, एवढंच कारण असेल.

आता तुम्ही पुढे सरकून बसला असाल. म्हणाल, बाईची भानगड असणार. नाहीतर दारूची. छे! गोष्ट आहे द्वंद्वात्मक भौतिकवादाची. हसलात ना? हसा, हसा. मला हसणारी माणसं आवडतात. या गोष्टीत मीही पुष्कळ हसलेलो आहे — नको तिथे.

तेव्हा मी बत्तीस वर्षांचा होतो. भोसरीच्या एमआयडीसीत एका हीट ट्रीटमेंटच्या शॉपमध्ये क्वालिटीला होतो. आमचं काम सोपं करून सांगतो. दुसरे कारखाने गिअर, शाफ्ट, पिना बनवून आमच्याकडे पाठवायचे. आम्ही तो माल भट्टीत लाल करून तेलात बुडवायचो, म्हणजे तो कडक व्हायचा. गावचा लोहार विळ्याला पाणी देतो ना, तेच — फक्त टनावारी. तयार मालातले चार नग उचलायचे, मशीनखाली दाबायचे, किती कडक झाले तो आकडा लिहायचा आणि खाली सही ठोकायची, हे माझं काम. डिप्लोमा होता, शर्ट पांढरा होता, हात स्वच्छ होते.

आणि गुरुवारी मी मास्तर व्हायचो.

गुरुवारी भोसरीला सुट्टी. काळेवाडीत एका पिठाच्या गिरणीवर माडीची खोली होती, तिथे सकाळी दहाला आमचा अभ्यासवर्ग भरायचा. टर्नर, फिटर, वेल्डर, एक पोस्टमन — पंधरा-सोळा जण. आता यातली मजा ऐका. गुरुवार म्हणजे दत्ताचा वार. त्यामुळे भौतिकवादाच्या माझ्या वर्गातल्या सहा जणांचा कडक उपास असायचा. मी वर सांगायचो की या जगामागे कुणी बसलेला नाही, आणि समोर सहा माणसं माना डोलवत शेंगदाणे खायची. खाली गिरणी सुरू झाली की माडी थरथरायची, आणि माझ्या तत्त्वज्ञानावर बारीक पीठ बसायचं.

पहिला धडा ठरलेला — वस्तू आधी, विचार नंतर. आपल्या डोक्यातल्या कल्पनेप्रमाणे जग वाकत नाही. जगाकडे बघून डोकं दुरुस्त करावं लागतं. विज्ञान निसर्गाला प्रश्न विचारतं. तत्त्वज्ञानाने त्या उत्तरांतून शिकायचं, निसर्गाला पढवायचं नाही. हे वाक्य मला इतकं आवडायचं, की ते म्हणताना मी एक पाऊल पुढे टाकायचो आणि तर्जनी वर करायचो. आजही पाठ आहे. आजही म्हणून दाखवीन — बोट वर करून.

दुसरा धडा उडीचा. बदल थोडा थोडा साचत जातो, डोळ्याला दिसत नाही, आणि एका क्षणी वस्तूचा गुणच बदलतो. सगळे मास्तर इथे पाण्याचं उदाहरण देतात — तापत जातं, तापत जातं आणि मग उकळून वाफ होते. पाणी उकळताना बघून कुणी टाळी वाजवतं का? मी नाटकवेडा माणूस. मी माझं उदाहरण शोधलं होतं, आमच्याच धंद्यातलं. लोखंड लालबुंद तापलं की त्याला लोहचुंबक ओढत नाही. भट्टीवरच्या कुठल्याही जुन्या माणसाला हे माहीत असतं.

तर मी काय करायचो — जुन्या स्पीकरमधलं मोठं लोहचुंबक टेबलाच्या कडेला बांधायचं. वरच्या वाशाला तारेने एक बोल्ट टांगायचा. बोल्ट चुंबकाकडे ओढला जाऊन तिरका चिकटून बसायचा. मग बोल्टाखाली गॅसची बत्ती — वेल्डर वापरतात तसली — पेटवायची, खिडक्या लावून घ्यायच्या आणि बोलायला लागायचं. ‘बघा, ताप वाढतोय — काही फरक? नाही. अजून वाढतोय — फरक? नाही. गुलाम तो गुलामच!’ बोल्ट लाल व्हायचा. मी आवाज खाली आणायचो, अगदी कुजबुजल्यासारखा. आणि मग — सुट्! बोल्ट चुंबक सोडून झोपाळ्यासारखा मागे जायचा. ‘सुटला! ही उडी!’ टाळ्या. काय टाळ्या पडायच्या हो! या एका बोल्टावर मला चिंचवडला बोलावणं आलं, तळवड्याला आलं, एकदा तर चाकणहून माणूस गाडी घेऊन न्यायला आला.

भाषण माझं चांगलं होतं, हे मी आजही सांगतो. मुद्द्यावर येतो. येतोच आहे.

आमच्या शॉपमध्ये भट्टीवर बापू होते. मूळ भोसरी गावठाणातले, सातवी शिकलेले, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे. वर्गातल्या सहा उपासकऱ्यांपैकी एक. बापूंचा डोळा म्हणजे आमच्या शॉपची दौलत होती. भट्टीला बघायला एक छोटं भोक असतं. त्याला डोळा लावून बापू रंग सांगायचे — जांभूळ, मग डाळिंब, मग शेंदूर, मग हळद. आणि रंगावरून ताप. मीटर आठशे चाळीस दाखवत असलं आणि बापू म्हणाले, ‘पंचवीस वर हाय,’ की मालक मीटर उघडायला लावायचे. आणि मीटरच चुकलेलं निघायचं. दर वेळी. भट्टीवर नवीन कुणी आला की त्याला पहिल्या दिवशी सांगायचे, मीटर बघ आणि मग बापूंना विचार.

एका गुरुवारी टाळ्या थांबल्यावर बापूंनी हात वर केला.

“मास्तर, एक इचारू का? राग न्हाई ना येनार?”

“विचारा की.”

“त्यो एकदम सुटतो म्हनता तुमी. मला त्यो आधीपास्नंच ढिला पडल्यावानी वाटतोय.”

वर्ग हसला. सुदाम नावाचा बीडकडचा फिटर होता, तो म्हणाला, “बापू, उपासानं तुमीच ढिले पडलाव!” मीही हसलो. आणि मोठ्या ऐटीत म्हणालो, “बापू, विज्ञानात वाटून चालत नाही. मोजून आणा.”

म्हणालो, आणि विसरलो. तुम्ही विसरला नसतात? कोण मोजतो?

बापूंनी मोजलं. तीन आठवडे, रोज जेवणाच्या सुट्टीत.

आणि कसं मोजलं ते ऐका, कारण त्याशिवाय माझा गुन्हा तुम्हाला कळायचा नाही. त्यांनी वाण्याचा जुना तराजू आणला. एका पारड्याखाली लोहचुंबक बांधलं, दुसऱ्यात तेवढ्याच वजनाचा दगड ठेवला. खाली विटेवर लोखंडाचा ठोकळा, त्याला ताप मोजायची वायर लावलेली, ठोकळ्यावर अभ्रकाचा पत्रा, आणि पत्र्यावर ते चुंबक टेकवलेलं. आता दुसऱ्या पारड्यात एकेक वॉशर टाकत जायचं. चुंबक ठोकळ्याला धरून बसलंय. जितक्या वॉशरला ते सुटून वर उचललं जाईल, तितकी त्याची पकड. ठोकळा थंड असताना एक्केचाळीस वॉशर लागले. मग ठोकळा तापवायचा, पुन्हा मोजायचं. अजून तापवायचा, पुन्हा मोजायचं. शंभर पानी वहीत दोन रकाने — डावीकडे ताप, उजवीकडे वॉशर. एक्केचाळीस. चाळीस. अडतीस. चौतीस. सव्वीस. पंधरा. सहा. दोन. शून्य.

आपल्या दहावीतल्या मुलीकडून त्यांनी त्याचा आलेखही काढून घेतला होता. वर्गात सगळ्यांसमोर वही उघडून त्यांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं — सुरुवातीला जवळजवळ सपाट, मग उतार, शेवटी चांगलाच तिरपा उतार. म्हणाले, “मास्तर, ह्यो कडा न्हाई. घाट हाय.”

काय वाक्य होतं! माझ्या सगळ्या भाषणांत तसं एक वाक्य नव्हतं.

पंधरा माणसं माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, “बापू, तुमचं चुंबकच तापलं असणार. तापलेलं चुंबक दुबळं होतं.” आक्षेप बरा होता. पण बापूंनी तो स्वतःच आधी घेऊन ठेवला होता. चुंबकाला ओलं फडकं गुंडाळलं होतं, आणि प्रत्येक दिवसाच्या शेवटी थंड ठोकळ्यावर पुन्हा मोजलं होतं — एक्केचाळीसच्या एक्केचाळीस. तेही वहीत होतं, वेगळ्या शाईत. मग मी घड्याळ बघितलं आणि म्हणालो, “पुढच्या गुरुवारी मी स्वतः करून दाखवतो.”

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी टेस्टिंग रूमचं दार आतून लावलं आणि बापूंचा तराजू मांडला.

एक्केचाळीस. चाळीस. अडतीस.

पुन्हा केलं. तेच. मंगळवारी पुन्हा. एखाद्या वॉशरचा फरक, बाकी तेच. त्या बंद खोलीत माझ्यासमोर लोखंड जे काय आहे ते सांगत होतं आणि मी त्याला घाम पुसत पुन्हा पुन्हा विचारत होतो — नक्की ना? नक्की ना? निसर्गाला पढवायचं नाही, म्हणणारा माणूस मीच ना? मग मी तिथे काय करत होतो?

चार शब्द होते. ‘बापू, तुमचं बरोबर आहे.’ एवढे म्हटले असते तर काय बुडालं असतं? तत्त्वज्ञान बुडालं असतं? अजिबात नाही. पाणी खरंच उडी मारतं. लोखंडाची चुंबकाशी असलेली ओढ मात्र घाट उतरत जाते. निसर्गात कडेही आहेत आणि घाटही. कुठे काय आहे ते मोजून बघायचं आणि तत्त्वज्ञानाने पाटी घेऊन खाली बसायचं — माझा पहिला धडाच तो होता. सातवी शिकलेल्या माणसाने माझाच धडा मला करून दाखवला होता. मला त्यांना खांद्यावर घेऊन नाचता आलं असतं. आणि नाचलो असतो तर झकास नाचलो असतो, माझा स्वभाव तुम्हाला एव्हाना कळलाय.

पण मग माझ्या उडीचं काय? चाकणहून आलेल्या गाडीचं काय?

मी वीस वॉशर घेतले आणि बायंडिंगच्या तारेने त्यांचा एक गठ्ठा बांधला.

गुरुवारी काळेवाडीत मी बापूंचाच तराजू मांडला. पारड्यात गठ्ठा ठेवला. बत्ती पेटवली. ‘बापूंची चूक काय झाली ठाऊक आहे?’ मी म्हणालो. ‘ते प्रत्येक वेळी मध्ये हात घालत होते. वॉशर काढ, वॉशर घाल. निसर्गाला एकटं सोडा, मग तो आपला कायदा दाखवतो!’ ठोकळा तापत गेला. चुंबक हललं नाही. तापत गेला. हललं नाही. आणि मग — खाड्कन पारडं खाली, चुंबक वर! माडी दणाणली. गिरणीवाला वर येऊन विचारून गेला, काय झालं म्हणून.

तुमच्या लक्षात आली का लबाडी? एखाद्या माणसाचं अन्न रोज थोडं थोडं तोडा, आणि रोज त्याला एकच विचारा — पन्नास किलोचं पोतं उचलशील का? तो उचलत राहील, उचलत राहील आणि एके दिवशी उचलणार नाही. म्हणजे तो एका दिवसात दुबळा झाला का? उडी लोखंडात नव्हती, गठ्ठ्यात होती. तीस बांधले असते तर चुंबक आधी सुटलं असतं, दहा बांधले असते तर नंतर. हे तिथल्या एकाने विचारलं नाही. बापूंनी नक्की विचारलं असतं. म्हणून त्यांनी तोंड उघडण्याआधीच मी शेवटचा खिळा ठोकला. म्हणालो, “तरी शंका नको म्हणून मी बापूंची वही एका मोठ्या प्रयोगशाळेत दाखवून आलो. ते लोक हसले.”

मी कुठल्याही प्रयोगशाळेत गेलो नव्हतो. वही त्या दिवशीही बापूंच्याच पिशवीत होती. त्यांना ते माहीत होतं, नाही का? — वही तर आठवडाभर त्यांच्याकडेच होती! पण मास्तर म्हणाले म्हणजे आकडे उतरवून नेले असतील, असं त्यांनी स्वतःच धरून घेतलं. माझ्या खोट्यातलं भोक त्यांनीच बुजवलं. हे मला मागून कळलं, आणि ते अजून नीट गिळता येत नाही.

बापूंनी एकदा तराजूकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. मग हसले — खरोखर मोकळं हसले — आणि पिशवीतून वही काढून माझ्या हातात दिली. “ठिवा तुमच्यापाशी मास्तर. चुकीचं कसं लिवत्यात, ते पोरास्नी दावायला कामाला यील.”

आणि मी ती कामाला आणली. हेही सांगूनच टाकतो. पुढची दोन-तीन वर्षं मी जिथे जिथे बोललो तिथे ती वही घेऊन गेलो. ‘हे बघा, आमच्या एका साथीची तीन आठवड्यांची मेहनत! प्रामाणिक, पण आंधळी. नुसतं मोजून सत्य सापडत नाही, मोजण्यामागे दृष्टी लागते!’ बापूंची नक्कलही करायचो, डोळा बारीक करून, वॉशर उचलत. लोक हसून लोळायचे. नाव घेत नव्हतो. तेवढी लाज होती म्हणा, नाहीतर भीती.

पण तेवढ्यावर थांबलं असतं, तर मी कदाचित तुम्हाला त्रास दिला नसता.

त्या गुरुवारनंतर सातएक महिन्यांनी भट्टीची ताप मोजायची वायर बिघडली. मीटर कमी दाखवू लागलं. भट्टी आत हवी त्यापेक्षा कितीतरी जास्त तापली. चाकणच्या एका कारखान्यासाठी पिनांचा मोठा लॉट आत होता. मी नेहमीप्रमाणे चार नग दाबले. आकडे बरोबर आले — जास्त तापलेलं पोलादही कडक होतंच, फक्त त्यातला जीव जातो. मी सही केली. तीन दिवसांनी चाकणला पिना बसवताना बिस्किटासारख्या तुटायला लागल्या. सगळा लॉट परत आला.

मालकांच्या केबिनमध्ये आम्ही तिघं. मालक, बापू आणि मी. मालक रागीट नव्हते. त्यांना खरंच कोडं पडलं होतं.

“बापू, रंग दिसला नाही का तुम्हाला?”

“दिसला की साहेब. हळदीवर गेला हुता.”

“मग बोलला का नाहीत?”

“मीटर बरुबर दावत हुतं. मला वाटलं, आपलाच डोळा चुकत आसंल. मागं बी एकदा चुकला हुता. मास्तरांस्नी इचारा.”

हे त्यांनी तक्रारीने म्हटलं नाही, बरं का. टोमणाही नव्हता. साक्षीदाराकडे बोट दाखवावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. बिचाऱ्यांना वाटलं, मास्तर आपली बाजू सांगतील.

मालकांनी माझ्याकडे मान वळवली. “काय हो, खरं का?”

तुम्ही मला इतका वेळ ऐकताय. मी किती बोलतो ते तुम्हाला दिसतंय. त्या केबिनमध्ये मी एकच अक्षर बोललो.

“हो.”

बस. हेच ते. बावीस वर्षं पोटात राहिलेलं हे एवढंसं आहे. मला ठाऊक होतं की तो डोळा कधीच चुकला नव्हता. तो डोळा मी चुकवला होता, तारेने बांधलेल्या वीस वॉशरांनी. आणि ते सांगायची वेळ आली तेव्हा मी ‘हो’ म्हणालो.

बापूंना भट्टीवरून काढलं. नोकरी गेली नाही, पॅकिंगला टाकलं. तयार मालाला तेल लावायचं, कागदात गुंडाळायचं, खोक्यात भरायचं. अकरा वर्षं त्यांनी तेच केलं आणि तिथूनच ते घरी बसले. भट्टी पॅकिंगच्या टेबलापासून तीस पावलांवर होती. त्या अकरा वर्षांत त्यांनी एकदाही त्या भोकाला डोळा लावलेला मी पाहिला नाही. जाता-येता भट्टीवरचं नवीन पोरगं हाक मारायचं, “बापू, जरा बघता का रंग?” बापू हात हलवून म्हणायचे, “मीटर बघ, मीटर.”

वर्गही हळूहळू विरला. गिरणी गेली, तिथे मोबाईलचं दुकान आलं. मी चाकणला मोठ्या कंपनीत गेलो, जिथे भट्टीला भोकच नाही — सगळं पडद्यावर. बापू मात्र मला विसरले नाहीत. दर दिवाळीला ते चिवड्याचा डबा घेऊन येतात. मी दार उघडतो आणि डबा घेतो. दर वर्षी वाटतं, आज सांगावं. मग बायको चहा आणते, बापू तिला माझ्या जुन्या भाषणांची नक्कल करून दाखवतात — बोट वर करून, आवाज खाली आणून. फार छान करतात. माझ्यापेक्षा छान. आणि शेवटी टाळी वाजवून म्हणतात, “सुटला!” आता सांगा, अशा माणसाला थांबवून काय सांगायचं? कुठून सुरुवात करायची? मला तर गोष्टीची सुरुवात कधीच अडत नाही. ही अडते.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. नात बारावीला आहे, सायन्सला — त्याच मुलीची मुलगी जिने आलेख काढला होता. “मास्तर, पोरीला तुमाला कायतरी इचारायचंय. या जरा.” गेलो. गावठाणातल्या घराला आता दोन मजले चढलेत, वर भाडेकरू आहेत. खाली पलंगावर नात, ऋतुजा, पुस्तक उघडून बसली होती. पुस्तकात एक आलेख होता. सुरुवातीला जवळजवळ सपाट रेघ, मग उतार, शेवटी चांगलाच तिरपा उतार. खाली शून्य.

मी ती रेघ ओळखली. माझ्या कपाटात ती पेन्सिलीने काढलेली आहे.

“काका,” ती म्हणाली, “पुस्तकात दिलंय की लोखंड तापत गेलं की त्याचं चुंबकत्व कमी कमी होत जातं. आजोबा म्हणतात एकदम सुटतं, तुम्ही करून दाखवलं होतं. कोणाचं बरोबर?”

बापू माझ्याकडे बघत होते. सहासष्ट वर्षांचे झालेत. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. मी काही बोलायच्या आत तेच नातीला म्हणाले, “पुस्तकात छापताना चुकलं आसंल बाळा. म्या ह्या डोळ्यानं बघितलंय.”

ह्या डोळ्यानं. शब्द हेच होते.

आणि मी काय म्हणालो? तोंड उघडलं, तेव्हा खरंच वाटलं होतं की आता ते चार शब्द बाहेर पडणार. जिभेवर आले होते. पण मी म्हणालो, “तसं बघितलं तर दोघांचंही बरोबर आहे. वरून विरोध दिसतो, पण दोन्ही एकाच सत्याच्या बाजू आहेत.” आणि बोट — शपथेवर सांगतो — बोट आपोआप वर गेलं.

“बघ,” बापू नातीला म्हणाले, “म्हनलं न्हवतं, मास्तर बरुबर सांगत्यात?”

पोरीने माझ्याकडे बघितलं. हुशार आहे. तिने पुस्तक मिटलं नाही. पेन्सिलीने त्या आलेखापाशी एक प्रश्नचिन्ह काढलं आणि आत चहा बघायला गेली.

मी घरी येऊन वही काढली. पानं पिवळी पडली आहेत, तेलाच्या बोटांचे डाग तसेच आहेत. डावीकडे ताप, उजवीकडे वॉशर. एक्केचाळीस, चाळीस, अडतीस, चौतीस, सव्वीस, पंधरा, सहा, दोन, शून्य. ही वही मी शेकडो लोकांना उघडून दाखवली, पण नेहमी आलेखाचं पान. रकान्यांच्या पानावर शून्याच्या खाली बापूंनी मोठ्या, दाबून काढलेल्या अक्षरांत एक ओळ लिहिली आहे. ती मी कुणाला वाचून दाखवली नाही.

‘मास्तरांना विचारणे.’

विचारलं त्यांनी. वर्गात विचारलं, केबिनमध्ये मालकांकरवी विचारलं, आता नातीकरवी विचारलं. तिन्ही वेळा मला उत्तर येत होतं.